घारापुरीला सौर पॅनेल दान करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी 2018 मध्ये महावितरणने समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची उच्चदाब केबल टाकली आणि घारापुरी (एलिफंटा) बेटाच्या राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तिन्ही वस्त्यांना कायमची वीज मिळाली. त्याआधी तिथे डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम काही तास दिवे लागत. तेव्हा ‘अंधारातल्या बेटाला उजेड’ अशा मथळ्याखाली सौर प्रकल्पाचे दान देऊ पाहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : बेटावर वीज आहे. ती केबल बिघडली तर पुढच्या दिवसांत काय करायचे, याची सोय हवी आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना लागणारी यंत्रसामग्रीही वेगळी आहे. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा आणि उरण भागातल्या ज्या कंपन्या सीएसआर निधीतून, म्हणजे नफ्यातल्या समाजकार्यासाठीच्या हिश्शातून, बेटासाठी काही करू इच्छितात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

केबलचा भरवसा किती धरायचा? जमिनीवरची लाइन तुटली तर लाइनमन शिडी घेऊन निघतो. पाण्याखालच्या केबलला जहाजाच्या नांगराचा ओरखडा बसला, किंवा सांध्यात पाणी शिरले, तर आधी दोष नेमका कुठे आहे ते किनाऱ्यावरून मोजून काढावे लागते. मग तराफा, केबल वर उचलणारी यंत्रणा आणि सांधा करणारे खास कारागीर जमवावे लागतात. त्यातही समुद्र शांत हवा. जून ते ऑगस्टमध्ये तो शांत मिळेलच असे नाही. शिवाय शेजारी न्हावा-शेवा बंदराचा (जेएनपीए) जहाजांनी गजबजलेला मार्ग आहे. किनाऱ्यावरच्या खांबांना वादळ काय करते, हे 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडला दाखवून दिले आहे. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले, आणि ती तर जमिनीवरची गावे होती.

आता दानात हमखास होणारी चूक. छतावर ‘ऑन-ग्रिड’, म्हणजे महावितरणच्या वाहिनीला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच बसवतात, दिलेल्या-घेतलेल्या विजेची वजावट करणारे नेट मीटर लावतात, फीत कापली जाते. हा संच स्वस्त पडतो आणि बिलही कमी करतो, पण मुख्य वाहिनीची वीज गेली की तो त्याच क्षणी बंद पडतो. तो बिघाड नसतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या अंगावर उलट दिशेने वीज येऊ नये म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला वाहिनी मेल्याबरोबर थांबण्याची सक्तीच आहे. म्हणजे वादळानंतर लख्ख ऊन पडलेले, वर 50 किलोवॉटची पॅनेल आणि खाली आरोग्य कक्षातला फ्रीज बंद. बिल वाचवणे हा हेतू असेल तर दात्याने त्यात पडायचे कारणच नाही. घरगुती ग्राहकाला पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळते. दानाचा पैसा जिथे अनुदान पोहोचत नाही तिथे, म्हणजे बॅटरी, वाहिनी गेल्यावरही ऊन व बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि अत्यावश्यक भाराचे वेगळे वायरिंग यांवर लागला पाहिजे.

अत्यावश्यक भार म्हणजे काय, याचा हिशेब एका वस्तीपुरता उदाहरणादाखल करून पाहू. 3 एचपीचा पाण्याचा पंप दोन तास : साडेचार युनिट. 18 वॉटचे 20 पथदिवे रात्रभर : चार युनिट. आरोग्य कक्षाचा फ्रीज, दिवे, पंखा, नेब्युलायझर : साडेतीन. शंभर मोबाइल चार्ज करायला दीड, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीला एक. बेरीज साडेचौदा युनिट. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की दिवसाला सुमारे 18.

यासाठी पॅनेल किती? विक्रेते वर्षाच्या सरासरीने, किलोवॉटमागे रोज चार युनिट धरून आकडा देतात. आपल्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये अडीचच्या आसपास मिळतात, आणि झड लागलेल्या दिवशी एकही मिळणे कठीण. हिशेब जुलैचा धरायचा. 550 वॉटची 14 पॅनेल, म्हणजे 7.7 किलोवॉट. सातसातच्या दोन माळा. बॅटरी 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरचे सहा संच, म्हणजे जवळपास 30 युनिट, त्यातले 24 वापरायचे. सलग अंधारून आले तर नुसत्या बॅटरीवर पंपासकट सव्वा दिवस निघतो. पंप थांबवून बाकीचे चालवले तर जवळपास दोन. इन्व्हर्टर 10 केव्हीएचा. पंपाची मोटर थेट सुरू केली तर सुरुवातीला पाच-सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणून पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटर हळूहळू वेगात आणणारा नियंत्रक, लावावाच लागतो. तो अंदाजपत्रकातून हमखास सुटतो.

एका वस्तीला चौदा पॅनेल. तिन्ही वस्त्यांना मिळून बेचाळीस. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ही संख्या फारशी शोभत नाही, याची कल्पना आहे. तरीही 100 किलोवॉटच्या एका मोठ्या प्रकल्पापेक्षा असे तीन छोटे, एकाच बनावटीचे संच बेटाला जास्त उपयोगी ठरतील. एक बंद पडला तरी दोन चालू राहतात, आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागू होतो.

प्युएर्तो रिकोचे उदाहरण इथे बघण्यासारखे आहे. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळाने त्या बेटाचे सारे वीजजाळे कोसळले आणि शेवटच्या ग्राहकापर्यंत वीज पोहोचायला जवळपास अकरा महिने गेले. आदहुंतास या डोंगराळ गावात ‘कासा पुएब्लो’ या स्थानिक संस्थेच्या छतावर आधीपासून सौर संच होता. लोक तिथे फोन आणि वैद्यकीय उपकरणे चार्ज करायला येत. पुढे होनॉल्ड फाउंडेशनसारख्या दात्यांच्या मदतीने गावच्या चौकातल्या दुकानांना जोडणारा मायक्रोग्रिड, म्हणजे छोटे स्थानिक वीजजाळे, उभा राहिला आणि 2023 मध्ये सुरू झाला. दात्यांनी प्रत्येक घराला एकेक पॅनेल वाटले नाही. वादळानंतर ज्यांच्या दारात सारे गाव येते, अशी ठिकाणे निवडली. वीज फुकटही ठेवली नाही. दुकानदार स्थानिक संघटनेला तिचे पैसे देतात.

उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहारमधील धरणई गावात 2014 साली देणगीतून 100 किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड उभारला गेला. लवकरच सरकारी वाहिनीची स्वस्त वीज गावात आली आणि ग्राहक तिकडे वळले. तीनेक वर्षांत बॅटऱ्या संपल्या, त्या बदलायला पैसा नव्हता, प्रकल्प बंद पडला. घारापुरीत तर वाहिनी आधीच आहे. म्हणून तिच्याशी स्पर्धा करणारा संच नको. रोज वाहिनीवर चालणारा, उन्हाची वीज आधी वापरणारा आणि बॅटरी भरून ठेवणारा संच हवा. कोपऱ्यात नुसता पडून राहिलेला संच नेमक्या गरजेच्या दिवशी दगा देतो.

उभारणीबद्दल. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे मुंबई परिसराचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 118 किलोचा दाब येतो. 550 वॉटचे पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडे मोठे असते. म्हणजे आकार आणि जागेप्रमाणे बदलणारा दाबगुणांक लावायच्या आधीच 28 किलो वजनाच्या पॅनेलला तीनशे किलोचा हिसका बसू शकतो. चौदा पॅनेलांचे मिळून चार टन. हे वजन पत्र्याच्या किंवा कौलांच्या छताला पेलणारे नाही, कारण वादळात पत्राच आधी उडतो. स्लॅबची इमारत निवडावी, पाय केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) स्लॅबमध्ये पक्के करावेत आणि त्या जागी वॉटरप्रूफिंग पुन्हा करावे. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून काम भागवणारे कंत्राटदार खूप आहेत. 45 बाय 45 बाय 60 सेंटिमीटरचा ठोकळा तीनशे किलोही भरत नाही. तसे निदान चौदा-पंधरा ठोकळे लागतील, आणि एवढे वजन जुन्या शाळेच्या स्लॅबवर टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारलेले बरे.

पॅनेलचा उतार अक्षांशाएवढा म्हणजे 19 अंश ठेवायचा पाठ सगळ्यांना असतो. बेटावर 10 अंश पुरे. वाऱ्याचा मार कमी होतो, पावसाने धूळ धुऊन निघते आणि वर्षभरात एक-दोन टक्क्यांचेच नुकसान होते. जून-जुलैत सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे आडवे पॅनेल पावसाळ्यात उलट बरेच पडते. पॅनेल क्लॅम्पने न धरता चौकटीतून आरपार बोल्ट घालून बांधावे. 2017 च्या वादळांनंतर कॅरिबियन बेटांवर झालेल्या पाहणीत हेच आढळले : दोन पॅनेलांमधला एक क्लॅम्प सुटला की शेजारचे सैल होते, आणि मग ओळीच्या ओळी उठतात.

खाऱ्या हवेचे तपशील निविदेतच लिहून घ्यावेत. पॅनेलला आयईसी 61701 ही क्षारचाचणी झालेली असावी. लोखंडी सांगाड्यावर निदान 80 मायक्रॉनचे हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर) हवे आणि साइटवर भोक पाडले तर तिथे झिंकचा लेप. बोल्ट स्टेनलेसचे, पण 304 नव्हे, 316 ग्रेडचे. अॅल्युमिनियमची चौकट आणि लोखंड थेट भिडले की खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये ईपीडीएम रबराची चकती. सर्वांत जास्त बिघाड मात्र अंगठ्याएवढ्या कनेक्टरमध्ये होतात. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी ‘बसते की’ म्हणून जोडतात, आत पकड सैल राहते, ती तापते, मीठ शिरते आणि एक दिवस प्लास्टिक वितळते. दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या असाव्यात आणि क्रिंपिंग (वायरीवर टोक दाबून बसवणे) त्यासाठीच्या हत्यारानेच करावे, पकडीने नव्हे. पॅनेलच्या, म्हणजे डीसीच्या बाजूला एसीचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावणे ही तर आग लावायची सोय आहे.

घारापुरीला भेट दिलेल्यांना तिथली माकडे ठाऊक आहेत. ती पॅनेलवर उड्या मारतात त्याची फार चिंता नको. लोंबणारी वायर मात्र ओढून काढतात. केबल पॅनेलखाली घट्ट बांधलेली आणि पुढे जीआय पाइपमध्ये असावी. काळ्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हाने कडक होऊन तुटतात, तिथे स्टेनलेसच्या वापराव्यात. अर्थिंगही इथे सोपे नाही. बेट बेसॉल्टचे, वर मातीचा थर पातळ. तीन मीटरचा खड्डा होत नाही म्हणून दीड मीटरवर थांबणाऱ्याला बिल देऊ नये. सखल, ओलसर जागा शोधून बेंटोनाइट या ओल धरणाऱ्या मातीत आडवी पट्टी पुरावी, आकाशातल्या विजेसाठीच्या वीजरोधकाचे अर्थिंग वेगळे ठेवावे आणि अर्थिंगच्या रोधाचा आकडा उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजावा. पावसाळ्यातला आकडा नेहमीच छान येतो. लेण्यांभोवतीच्या पहिल्या 100 मीटरमध्ये पुरातत्त्व कायद्याने नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. म्हणून आहे त्याच छतांचा वापर करावा. पॅनेलसाठी कांदळवन किंवा झाडी तोडायचा विचारही नको.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी. ट्यूब्युलर लेड-अॅसिड पहिल्या दिवशी स्वस्त पडते, पण पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट धरते आणि चार-पाच वर्षे म्हणून घेतलेली दोन-तीन वर्षांतच मान टाकते. डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी विसरला तर त्याहून लवकर. लिथियमला पाणी लागत नाही, पण उष्णता तिलाही सोसत नाही. पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीकडून कंपनीच्या पत्रकातली 6000 चक्रे मिळणार नाहीत. उत्तरेकडची खोली, जमिनीपासून दोन फूट उंच ओटा, जाळी लावलेला पंखा. वर्गखोलीत किंवा जिन्याखाली बॅटरी ठेवू नये.

अत्यावश्यक भाराचा डीबी (वीज वाटणारी पेटी) वेगळा करून प्रत्येक शाखेला मापाचा एमसीबी लावावा. हे न केल्यास काय होते? पहिल्या वर्षी फ्रीज आणि दिवे. दुसऱ्या वर्षी कोणीतरी इस्त्री लावतो, तिसऱ्या वर्षी जवळच्या स्टॉलचा डीप-फ्रीझर येतो. मग रात्री दोन वाजता बॅटरी संपते आणि ‘सोलर चालत नाही’ असा शिक्का बसतो.

आता पैशाबद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचा असतो, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते. घारापुरी कागदोपत्री रायगड जिल्ह्यात असली तरी न्हावा-उरणच्या समोरच आहे, त्यामुळे तो मुद्दा अडसर ठरू नये. अडसर दुसरा आहे. जानेवारी 2021 च्या नियमदुरुस्तीनंतर एखाद्या संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये दिलेला पैसा सीएसआर खर्च धरला जात नाही. ‘चालू प्रकल्पा’ची, म्हणजे एका वर्षात न संपणाऱ्या सीएसआर कामाची, मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. बॅटरी बदलायची वेळ येते आठव्या ते दहाव्या वर्षी. म्हणजे संच उभारणारा पैसा कायद्यानेच बॅटरीपर्यंत पोहोचू शकत नाही.

यातून वाट आहे, पण ती पहिल्याच दिवशी आखावी लागते. सीएसआरमधून उभारणी, सुटे भाग, प्रशिक्षण आणि मुदत संपेपर्यंतची देखभाल. त्यासाठी काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावे. न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकली की ती पुढे वापरता येते. आमच्या मते दर शंभर रुपयांतले साठच पहिल्या वर्षी उभारणीवर जावेत, बाकीचे चाळीस देखभालीला आणि सुट्या भागांना. बॅटरीच्या निधीसाठी सीएसआरबाहेरचे दाते शोधावेत : कौटुंबिक ट्रस्ट, रोटरी-लायन्ससारखे क्लब, वाशी-नेरुळमधल्या सोसायट्यांतले वैयक्तिक देणगीदार. त्यांचा पैसा मुदतठेवीत राहू शकतो. दुसरा झरा बेटावरच आहे. ग्रामपंचायत पर्यटकांकडून छोटा कर घेतेच. त्यातला ठरावीक हिस्सा बॅटरीसाठी राखण्याचा ठराव ग्रामसभेने केला तर बाहेरच्या दात्यालाही भरवसा वाटतो. बॅटरी बदलण्याच्या आजच्या खर्चाचा दहावा भाग दरवर्षी बाजूला पडला पाहिजे.

मालकी कोणाची, हेही आधीच लिहून घ्यावे. सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था, लाभार्थींचा गट, किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे जाते. आमचे मत ग्रामपंचायतीच्या नावावर मालमत्ता आणि महिला बचत गटाकडे रोजचा कारभार, असे आहे. नोंदवही ठेवणे, दर पंधरवड्याला पॅनेल धुणे (चौदा पॅनेलांना तीसेक लिटर गोडे पाणी पुरते, खारे चालत नाही), चार्जिंगचे पैसे गोळा करणे. वायरमनचे काम मात्र आयटीआय झालेल्या बेटावरच्याच दोघांनी शिकावे आणि त्यांना दरमहा मानधन मिळावे. दोघे अशासाठी, की एक जण नोकरीसाठी उरणला जाणारच.

सुटे भाग बेटावरच हवेत. एक इन्व्हर्टर, एक बॅटरी संच, एक व्हीएफडी, दोन सर्ज प्रोटेक्टर, दहा फ्यूज, त्याच बनावटीचे पाच जोड कनेक्टर आणि क्रिंपिंगचे हत्यार. कंपनीचा इंजिनियर ‘48 तासांत सेवा’ लिहून देतो, पण जुलैत लाँच बंद असली की त्या 48 तासांना अर्थ उरत नाही.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. बहुतेक कंपन्यांचे धनादेश मार्चमध्ये, वर्ष संपता संपता निघतात. बेटाच्या दृष्टीने याहून वाईट महिना नाही. एप्रिलमध्ये माल येतो, काँक्रीट पक्के व्हायला 28 दिवस लागतात, मेअखेरीस समुद्र उसळतो आणि अर्धवट बांधलेली पॅनेल पहिल्याच वादळाच्या तोंडी सापडतात. मंजुरी जुलै-ऑगस्टच्या बैठकीत घ्यावी, ऑर्डर गणपतीपर्यंत जावी, माल दसऱ्यानंतर भरतीची वेळ बघून उतरवावा. पॅनेलचे पूर्ण पॅलेट नऊशे किलोच्या पुढे जाते, ते किनाऱ्यावरच सोडून पॅनेल उभी ठेवून न्यावीत. जानेवारीत संच सुरू व्हावा. मग एप्रिलमध्ये महावितरणला कळवून वस्तीच्या अत्यावश्यक डीबीचा मुख्य स्विच सलग 48 तास बंद ठेवावा आणि काय बंद पडते ते बघावे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

आपले,
ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम केलेले काही निवृत्त विद्युत अभियंते,
वाशी, नवी मुंबई